पंच निवडायचे आहेत: वरचं दिसणं बघायचं की आतला माणूस?

पांदणवाट

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

वार्षिक सभा जवळ आली की खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे गावोगावच्या चर्चांमध्ये, कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीसाठी नावं निघायला लागतात. यवतमाळ-वाशीमकडच्या मंडळ्या लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, तरी नावं ठरलेल्या तऱ्हेनंच पुढे येतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पहिल्या रांगेतली खुर्ची, काखेत जाड पवित्रशास्त्र आणि संपता संपत नाही अशी प्रार्थना. एवढं जमलं की तो आत्मिक माणूस ठरतो. उपासनेआधी येऊन सतरंज्या झटकणारा, मागं भिंतीला टेकून बसणारा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१ शमुवेल १६:७ सगळ्यांना पाठ आहे. मनुष्य बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. पण मत द्यायला बसलेला तर मनुष्यच आहे. मग त्यानं नेमकं काय पाहायचं? ज्यांनी पंचकमिटीत काम केलंय किंवा शास्त्राचा नीट अभ्यास केलाय, त्यांनी खोलात जाऊन सांगावं. ‘प्रार्थनापूर्वक निवडा’ एवढ्यावर थांबू नका, ते तर करायचंच आहे.

जुनी वही

सलाम भाऊ. त्या एका वचनावर न थांबता मागचंपुढचं वाचलं तर निम्मं उत्तर तिथंच सापडतं.

शौल राजा झाला तेव्हा तो सगळ्या लोकांत खांद्यापासून वर उंच होता, हे शास्त्र दोनदा सांगतं (१ शमुवेल ९:२ आणि १०:२३). त्या उंचीचं पुढं काय झालं हे शमुवेलानं स्वतः पाहिलं होतं. तरीही पुढचा राजा निवडायला तो बेथलेहेमात गेला आणि इशायाचा थोरला मुलगा अलियाब समोर आल्यावर त्याला वाटलं, हाच तो. संदेष्ट्याचा अंदाज चुकू शकतो, तर आपल्या मतदानाचं काय सांगावं! सात मुलं पुढून गेली. आठवा मेंढरांमागं होता आणि त्याला बोलवावं हे बापालाही सुचलं नव्हतं. आणि एक गोष्ट लोक विसरतात: १६:१२ मध्ये दावीद देखणा होता, डोळे सुंदर होते, असंही लिहिलंय. म्हणजे चांगलं दिसणं हा दोष नाही. ते निवडीचं माप नाही, एवढंच.

आता अलियाबाचं अंतःकरण आपल्याला कुठं दिसतं? पुढच्याच अध्यायात, १७:२८ मध्ये. धाकटा भाऊ छावणीत शिदोरी घेऊन येतो, चार प्रश्न विचारतो, आणि हा भडकतो. रानातली ती थोडीशी मेंढरं कोणाच्या हवाली करून आलास म्हणून त्याला सगळ्यांसमोर हिणवतो. दावीद निवडला गेला तेव्हा हा तिथंच उभा होता, हे लक्षात घ्या. आतलं आपल्याला थेट दिसत नाही, पण वयानं किंवा मानानं लहान माणसानं चारचौघांत प्रश्न विचारला की ते तोंडावाटे बाहेर पडतं. लूक ६:४५ हेच सांगतं. म्हणून मी तर म्हणेन, ज्याचं नाव पुढं आलंय तो मंडळीच्या बैठकीत विरोध झाल्यावर कसा बोलतो, हे आधी पाहा. प्रार्थनेतली भाषा तयार करता येते, अंगावर आलेल्या प्रश्नाचं उत्तर तयार नसतं.

दुसरं, १ तीमथ्य ३:२-७ ची यादी एकदा वही घेऊन उतरवून काढा. एकनिष्ठ संसार, नेमस्तपणा, समजूतदारपणा, शिस्तीचं वागणं, पाहुणचार, शिकवण्याची हातोटी. दारूच्या नादी नाही, हात उचलणारा नाही, सौम्य, भांडखोर नाही, पैशाचा लोभी नाही. घर नीट चालवणारा, विश्वासात अगदी नवा नाही, आणि मंडळीबाहेरच्या लोकांत चांगलं नाव असलेला. यात कसब म्हणावं असं एकच, शिकवणं. बाकी सगळं वागणं. आवाज, कपडे, जमीन, डिग्री यांतलं काहीही नाही. ही यादी मंडळीच्या अध्यक्षाची असली तरी ३:८ पासून सेवकांसाठीही जवळपास हेच माप आहे, आणि ३:१० म्हणतं की आधी त्यांची पारख व्हावी, मग काम द्यावं.

कास्तकार

पांदणवाट भाऊ, मी तं म्हंतो मानूस चर्चात पाहूच नका, वावरात पाहा. कापूस वेचनीच्या दिवसात सांच्याले बोचके मोजाले बसते ना, तथी सारं समजते.

वेचाई किलोवर असते. बाईनं दिवसभर वेचलेला कापूस बोचक्यात बांधून झाडाले टांगलेल्या काट्यावर चढते. गडबड कुठी होते ते सांगतो. काटा रिकामा असताना सुई शून्यावर हाये का नाई, हे कोनी पाह्यतच नाई. बोचक्याच्या कपड्याचं वजन भरते पावशेर, अन् कापते अर्धा किलो. वजन साडेअकरा आलं तं वहीत अकराच लिवते. वर म्हनते, अर्ध्या किलोनं काय होते? बारा बाया असल्या तं रोजचा सहा किलो झाला बाप्पा, अन् तो गेला कोनाच्या पोटातून? सकायी दव असते तवा ‘कापूस ओला हाये’ म्हून आनखी कपात. तोच कापूस जिनिंगवर नेते तवा मातर ओलाव्याचं नाव काढत नाई.

नीतिसूत्रे ११:१ अन् लेवीय १९:३६ मधलं खोटं माप म्हंजे हेच. मजुरीचं तं अनुवाद २४:१५ मंधी उघड लिवलं हाये, सूर्य मावळायच्या आंधी देऊन टाका, काहून का त्या गरिबाचा जीव त्यावर लागून असते. याकोब ५:४ मंधी कापनी करनाऱ्यायची अडकवलेली मजुरीच ओरडते. आता आपल्या इकडं हप्त्याचा हिशोब बाजाराच्या दिवशी होते. दोघायनं ठरवून असन तं त्यात पाप नाई. पन बाजार सकायी अन् पैसे रातच्याले, म्हंजे तिचा सारा बाजार उधारीवर झाला. असा मानूस रविवारी मोठ्यानं प्रार्थना करत असन तं करू द्या, पन त्याले पंच करू नका.

अन् हे विचारायचं कोनाले? त्याच्या सोबतच्या कास्तकाराले नाई. त्याच्या वावरात तीन-चार हंगाम सलग येनाऱ्या बायायले विचारा. मजूर दरसाल बदलत असन तं काहून बदलते, हे बी पाहा.

सुईदोरा

कास्तकार भाऊंचं बरोबर आहे. मला बायकांच्या बाजूचं एक मांडायचंय, कारण ‘वरचं दिसणं’ म्हटलं की आपल्या मंडळ्यांत पहिली नजर बाईच्या गळ्याकडं जाते.

१ पेत्र ३:३-४ दाखवून काही ठिकाणी बाप्तिस्म्याच्या आधी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढायला लावतात. ते वचन पूर्ण वाचा. त्यात तीन गोष्टी एकाच ओळीत आहेत: केस गुंफणं, सोनं घालणं, आणि तऱ्हेतऱ्हेची वस्त्रं नेसणं. पहिल्या दोन गोष्टींवर सरसकट बंदी आहे असं धरलं तर तिसरीवरही धरावी लागेल, आणि वस्त्रंच नेसू नका असं पेत्र सांगत नाही हे उघड आहे. तो सांगतो की तुमची शोभा यात नसावी. ती अंतःकरणातल्या माणसाची असावी, सौम्य आणि शांत आत्म्याची. त्या काळच्या रोमी श्रीमंत बायका केसांचे उंच थर रचून त्यात सोनं गुंफत. १ तीमथ्य २:९ मध्ये केस, सोनं, मोती आणि भारी वस्त्रं एका दमात येतात ती त्याच थाटाला धरून. ऐपतीचं प्रदर्शन तिथं नको होतं.

आता आपल्या गावात काय होतं ते बघा. मंगळसूत्र काढलेली, हातात बांगडी नसलेली बाई गावाच्या नजरेत विधवा. नवरा जिवंत असताना हे झालं की सासर-माहेर दोन्हीकडून वाद, आणि वादाचं कारण प्रभू येशू नाही, काळे मणी. शास्त्रानं जे ओझं घातलं नाही ते पंचांनी घालू नये. एखादी स्वतःहून काढते, काढू द्या. पण तिला आत्मिक म्हणून पुढं आणि घालणारीला मागं, असं करू नका. घालणारीनंही काढणारीला नावं ठेवू नयेत. रोमकरांस १४ चा सगळा अध्याय यावरच आहे.

हे नियम कुठून आले तेही माहीत असावं. आपल्या भागात फ्री मेथडिस्ट आणि नाझरीन या प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्या आहेत, दोन्हींचं मूळ अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या शिकवणीत. वेस्लीनं १७४३ च्या सर्वसाधारण नियमांत सोनं आणि भारी कपडे टाळायला सांगितलं होतं. त्याचं कारण साधं होतं: अंगावर घातलेला जास्तीचा पैसा हा भुकेल्याच्या तोंडचा घास आहे. म्हणजे नियमाच्या दुसऱ्या टोकाला गरीब माणूस होता. तो गरीब विसरला गेला आणि नियम तेवढा राहिला, की मग साधे कपडे हाच मान मिळवायचा रस्ता होतो. गळा रिकामा पण भिशी व्याजानं लावलेली, असं असेल तर वेस्लीचा नियम पाळला असं कसं म्हणायचं?

पैनगंगाकाठ

ताई, तुमचं पटतं. पण या धाग्यात एका बाजूचंच बोलणं होऊ नये म्हणून लिहितो.

‘देव हृदय पाहतो’ हे वचन सगळ्यात जास्त कोण वापरतं? दारू पिऊन येणारा, उधारी बुडवणारा, उपासनेला तीन-तीन महिने न येणारा. विचारलं की म्हणतो, माझं मन साफ आहे, वरवरचं मला जमत नाही. हाही देखावाच, फक्त उलट बाजूनं केलेला. मत्तय ७:१६-२० मध्ये फळांवरून झाड ओळखायला सांगितलंय. फळ बाहेरच लागतं. याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या-उपाशी भावाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून नुसतं वाटेला लावणाऱ्याचं मन कदाचित साफही असेल, पण तो विश्वास मेलेला आहे असं पुढं लिहिलंय.

तेव्हा बाहेरचं पाहायचंच नाही, असं म्हणू नका. बाहेरचं दोन जातींचं असतं, हा फरक करा. एक ते, जे लोकांनी पाहावं म्हणून करता येतं आणि ज्याला फार मोल पडत नाही: कपडा, स्वर, हात वर करणं, गळ्यातला क्रूस, गाडीच्या काचेवरचं वचन. दुसरं ते, ज्यात स्वतःचं काही जातं: पैसा, वेळ, मान, झोप. पहिल्यावरून काहीच कळत नाही, ना चांगलं ना वाईट. दुसऱ्यावरून कळतं. गलतीकरांस ५:२२-२३ मधली आत्म्याच्या फळाची नऊ अंगं घ्या: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं एकही एकट्यानं कोपऱ्यात बसून दिसत नाही. सहनशीलता दिसायला त्रास देणारा माणूस लागतो. विश्वासूपणा दिसायला कोणीतरी काहीतरी सोपवावं लागतं.

आणि कपड्यांचं म्हणाल तर स्वच्छ धुतलेला सदरा घालून येण्यात ढोंग नाही. देवाच्या घरी नीटनेटकं यावं ही साधी भावना आहे, तिला टोमणे मारू नयेत.

दानपात्र

पैनगंगाकाठ यांनी केलेला फरक मनात ठेवून मी व्यवस्थेबद्दल लिहितो. मंडळीची रीतच देखाव्याला खतपाणी घालणारी असली तर एकट्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही.

मत्तय ६ मध्ये प्रभूनं तीन गोष्टी घेतल्या, दान, प्रार्थना, उपवास, आणि तिन्हींना एकच कसोटी लावली: कोणी पाहत नसताना हे होतं का? आपण काय करतो? अर्पणाची यादी नाव आणि रकमेसह वाचून दाखवतो. पंख्यावर दात्याचं नाव रंगवतो. हंगामाच्या सणाला लिलावात एक कोहळा कोणी कितीला घेतला यावर टाळ्या पिटतो, आणि मग पन्नास रुपयांची पेंडी आणणारी म्हातारी शेवटी शेवटी येणंच सोडते.

बदल करायचे तर असे करता येतात. पाकिटांवर नावाऐवजी क्रमांक घाला, क्रमांकांची वही फक्त खजिनदाराकडे राहू द्या. मंडळीसमोर एकूण रक्कम वाचा, नावं नाही. हंगामाच्या सणाला आलेला माल, सोयाबीन, तूर, ज्वारी, कोंबड्या, भाजी, आधी एकाच ठिकाणी गोळा करा, कोणाचं काय ते न सांगता. लिलाव ठेवायचाच असेल तर घेणाऱ्याचं नाव कागदावर राहू द्या, ध्वनिक्षेपकावर नको. धान्याचा दहावा भाग लिलावाआधीच बाजूला काढून गरजूंच्या घरी संध्याकाळी पोचवा, आणि तो पोचवताना फोटो काढू नका. गरिबाच्या हातातल्या पिशवीसकट फोटो काढणं म्हणजे मत्तय ६:२ मधलं कर्णे वाजवणं आहे, मला यात जराही शंका वाटत नाही.

पण इथं एक मोठी चूक होते. ‘गुप्त’ म्हणजे ‘हिशेब नको’ असं लोक समजतात, आणि तिथून अफरातफर सुरू होते. देणाऱ्याचं नाव गुप्त, पैशाचा हिशेब उघडा. २ करिंथकरांस ८:२०-२१ मध्ये यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौल एकट्यानं नेत नाही. सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतो, प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही नीट असावं म्हणून. आपल्याकडं नियम इतका पुरे: उपासना संपल्याबरोबर, आपसांत नातं नसलेल्या दोघांनी, त्याच टेबलावर मोजायचं, नोटा-नाणी वेगळी लिहायची, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत भरणा. ‘घरी नेऊन निवांत मोजतो’ ही सवय मोडा. प्रामाणिक माणसाचंही नाव त्यात विनाकारण खराब होतं.

आसनांचं याकोब २:१-४ मध्ये इतकं उघड आहे की वेगळं सांगायला नको. सोन्याची अंगठीवाला आला तर ‘इथं बसा’, मळके कपडेवाला आला तर ‘तिकडं उभा राहा’. फ्री मेथडिस्ट हे नाव १८६० मध्ये अमेरिकेत पडलं त्यामागच्या कारणांत हेही होतं की तिथल्या चर्चात बाकं भाड्यानं जात, पैसेवाल्याला पुढचं बाक, आणि या लोकांनी सर्वांसाठी मोफत बाकांचा आग्रह धरला. त्या नावाच्या मंडळीत तर पहिली रांग राखीव नसावीच. राखायची असेल तर कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी राखा.

जुनी वही

मत्तय २३ चा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून थोडं.

२३:२७ मधल्या चुना लावलेल्या कबरा आपल्याला लगेच डोळ्यांपुढं येतात, कारण आपल्या कबरस्तानांतही ईस्टरच्या आधी, आणि कॅथलिक मंडळींत २ नोव्हेंबरच्या आधी, कबरांना चुना मारतात. पण यहूद्यांचा चुना वेगळ्या कारणानं असे. गणना १९:१६ प्रमाणे कबरेला हात लागला तर सात दिवस अशुद्ध. वल्हांडण या यहूदी सणासाठी परगावची माणसं लोंढ्यांनी येत, त्यांना कबर कळावी आणि ती बाजूनं जावीत म्हणून आदल्या अदार महिन्यात, पंधरा तारखेच्या सुमाराला, कबरांवर चुन्याच्या खुणा करत. म्हणजे जो पांढरा रंग परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र कडक पाळणाऱ्या यहूद्यांच्या, डोळ्यांना शुद्धतेचा वाटावा, तो मुळात ‘इथून दूर राहा’ असं सांगणारा होता. प्रभूचे शब्द त्या लोकांना किती झोंबले असतील, याची यावरून कल्पना येते.

त्याच अध्यायात २३:२३ मध्ये तो दशांश देऊ नका म्हणत नाही. पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश द्या, पण न्याय, दया आणि विश्वास सोडू नका; हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. २३:२६ मध्ये क्रम आहे: आधी वाटी आतून, म्हणजे बाहेरूनही स्वच्छ होईल. बाहेर राहू द्या असं नाही. पैनगंगाकाठ भाऊंचा मुद्दा इथं बसतो.

सांजघंटा

मी कॅथलिक परंपरेतून लिहितो. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आमच्याकडं कपाळाला राख लावतात, आणि त्याच मिस्सामध्ये (उपासनेत) वाचन असतं मत्तय ६ चं: उपवास करताना तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. दोन्ही एकाच दिवशी मुद्दाम आहेत. राख मंडळीत सगळ्यांनी मिळून लावायची, मरणाची आणि पश्चात्तापाची आठवण म्हणून. उपवास मात्र ज्याचा त्यानं गुपचूप. नियम पाहिला तर १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसाला राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी एकच पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं, इतकाच उपवास सक्तीचा आहे. त्यावर चाळीस दिवस मटण सोडलं हे दहा जणांना सांगत फिरलं तर सोडलं काय आणि मिळवलं काय? योएल २:१३ मध्ये वस्त्रं नव्हे तर हृदयं फाडायला सांगितलंय, आणि यशया ५८ मध्ये तर उपवासाच्याच दिवशी मजुरांना राबवून घेणाऱ्यांना खडसावलंय. कास्तकार भाऊ, तुमच्या काट्याला धरूनच आहे ते.

पंच निवडीपेक्षा वेगळा पण जवळचा प्रश्न: ज्याला स्वतःचं आतलं सुधारायचंय त्यानं काय करावं? जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नाशियसनं (मृत्यू १५५६) दिलेली रीत प्रोटेस्टंट भावंडांनाही जमण्यासारखी आहे. रात्री दहा-पंधरा मिनिटं. आधी दिवसातल्या देणग्यांबद्दल आभार, मग प्रकाश मागणं, मग सकाळपासूनचा दिवस तासातासानं आठवणं, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. लोक पहिली पायरी गाळतात आणि थेट चुकांवर जातात; मग चार दिवसांत मन खचतं आणि सगळं सुटतं.

शिवाय त्याची एक खास तपासणी आहे. एकच दोष धरायचा, समजा चढ्या आवाजात बोलणं. वहीत आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन रेघा, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा दोष घडला तितके ठिपके. आजची रेघ कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. ‘मी वाईट आहे’ असं मोघम म्हणण्यानं काही हलत नाही. ‘आज सकाळी चार वेळा’ असं दिसलं की हलतं. एका वेळी तीन-चार दोष धरू नयेत, एकही धड होत नाही. आणि ही वही कोणाला दाखवायची नाही. दाखवली की तीही देखाव्याची वस्तू झाली.

सुईदोरा

दादा, एकट्यानं वही ठेवणं बऱ्याच जणांना जमत नाही, आणि आमच्याकडं कितीतरी वडीलधाऱ्या बायांना लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी वेस्लीची वर्ग-सभा बरी. १७४२ मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं, त्यासाठी बारा-बारा जणांचे गट पडले. पुढारी पैसे आणायला घरोघर जाऊ लागला, आणि कोणाचं कसं चाललंय हे त्याला कळायला लागलं. त्यातून ही सभा घडली.

खेड्यात बारा जास्त होतात. चार-पाच जणी, बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. रात्रीची भांडी झाल्यावर पाऊण तास. प्रत्येकीला तेच तीन प्रश्न: या आठवड्यात कोणाशी बिनसलं? कोणाचं काही देणं राहिलं, पैसा किंवा शब्द? कोणी पाहत नसताना काय चांगलं करता आलं असतं आणि केलं नाही? नुसतं ऐकायचं, उपदेश मागितला तरच. बिघडतं कुठं ते सांगते. पुढारीण पाळकांच्या घरी जाऊन सांगते. नणंद-भावजय एकाच गटात पडतात. किंवा गुपित ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून रविवारी सगळ्यांसमोर येतं. असं एकदा झालं की त्या गटात पुन्हा कोणी खरं बोलत नाही; मग तो गट मोडून नवीन माणसांचा करावा.

पांदणवाट

सगळ्यांचं बारकाईनं वाचतोय. अजून दोन गोष्टी विचारतो. एक, ज्याच्या हातून आधी व्यवहारात खोट झाली पण तो आता बदललाय, त्याचं नाव घ्यावं का? दोन, लोकांना ‘हा माणूस कसा’ असं विचारत फिरलं तर गावात चुगल्यांना ऊत येईल, ते कसं टाळायचं?

पैनगंगाकाठ

पहिल्याचं उत्तर जक्कय या जकातदाराकडं आहे, लूक १९:८. तो ‘मी पश्चात्ताप केला’ असं म्हणतच नाही, आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट. नियमशास्त्राप्रमाणे आपण होऊन कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा इतकंच पुरत होतं (लेवीय ६:५, गणना ५:७). चौपट हे चोरलेल्या मेंढरासाठी होतं (निर्गम २२:१). त्यानं स्वतःला जड माप लावून घेतलं. तेव्हा नुसती साक्ष ऐकू नका, परतफेड झाली का ते बघा. ज्याचं बुडवलं होतं त्यानं स्वतः ‘मिळालं’ म्हटलं पाहिजे. ते झालं असेल तर जुनं उकरून काढायचा कोणाला हक्क नाही, आणि त्याचं नाव घ्यायला हरकत नाही. फक्त लगेच खजिनदारी देऊ नका. ते त्याच्या स्वतःच्याही भल्याचं.

कास्तकार

हे लाख मोलाचं बोलले. आमच्या इकडं रडून साक्ष देल्ली का लोकं तवाच माफ करते, अन् ज्याचे पैसे गेले तो बिचारा मांगंच बसून राह्यते.

दानपात्र

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. विचारण्याची पद्धत बदलली की चुगली बरीचशी थांबते. ‘तो कसा आहे?’ असं विचारायचंच नाही, कारण त्याचं उत्तर मतच येणार. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारायचं. किराणावाल्याला: उधारी ठरल्या दिवशी फिटते का? मजूर बाईला: मागच्या वेचाईचा हिशेब कधी झाला? शेजाऱ्याला: धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद कसा मिटवला? घरच्या माणसांना वेगळं गाठून, पाळकांनी आणि त्यांच्या पत्नीनं मिळून: घरात हात उचलला जातो का? १ तीमथ्य ३:७ मुळे गावातल्या इतर धर्माच्या दोघा-तिघांना विचारणं हा शास्त्राचाच भाग आहे, त्यात कमीपणा नाही. विचारायला दोघांनी जायचं, लिहून काही ठेवायचं नाही, आणि पाळकांशिवाय कोणाशी बोलायचं नाही.

त्याआधी पारखीचा काळ ठेवा. सभेच्या सहा महिने आधी, ज्यांची नावं मनात आहेत त्यांना, आणि ज्यांची नावं कोणाच्या मनात नाहीत अशा दोघा-चौघांनाही, लोकांच्या नजरेत न येणारी कामं वाटून द्या: कबरस्तानाची साफसफाई, आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेणं-आणणं, सतरंज्या उन्हात घालणं, वीजबिल वेळेवर भरणं. कोण करतो, कोण दुसऱ्याकडून करवून घेऊन स्वतःचं नाव लावतो, कोण तीन आठवड्यांत कंटाळतो, हे आपोआप कळतं. प्रेषितांची कृत्ये ६:३ मध्ये ज्या सात जणांची निवड झाली ती अन्नाच्या रोजच्या वाटपासाठी होती, आणि तरी ते नावाजलेले, आत्म्यानं व ज्ञानानं भरलेले हवेत असं ठरलं. भांड्याकुंड्यांचं काम म्हणून कमी माप लावलं नाही.

मग दोन रविवार लागोपाठ नावं वाचा. ज्याला हरकत आहे त्यानं पाळकांना एकांतात, स्वतःच्या नावानं सांगावं. निनावी चिठ्ठी घेऊ नका. वडिलांविरुद्धचा आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नये हा नियम १ तीमथ्य ५:१९ मध्ये आहे, तो या नावांनाही लावा. आरोप खरा निघाला तर त्या माणसाला आधी एकट्याला सांगा आणि नाव मागं घ्यायची संधी द्या, मत्तय १८:१५ प्रमाणे. मंडळीसमोर कारण सांगायची गरज नाही. मतदान हात वर करून घेऊ नका. हात वर असले की शेतमालकाच्या समोर मजूर त्याच्याविरुद्ध हात खाली ठेवू शकत नाही. चिठ्ठ्या घ्या, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक नावाचा वेगळा डबा ठेवा, पडद्याआड, प्रत्येकाला एकेक दाणा. डब्यांवर नावाबरोबर वेगवेगळ्या रंगाचा कागद चिकटवा आणि कोणता रंग कोणाचा ते सुरुवातीलाच दोनदा सांगा. डब्यात आधी मूठभर भुसा घाला, म्हणजे दाणा पडल्याचा आवाज बाहेर ऐकू येणार नाही.